काचेआडचा ईयोब

मी, उज्वला अमृतराव सोनकांबळे, वय एकोणसत्तर, अविवाहित, धर्माने ख्रिस्ती, टेलिफोन खात्याच्या नांदेड कार्यालयातून निवृत्त, हल्ली राहणार लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी वाद घालून बघावा. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग मात्र आहे, आणि रागामुळे मृत्युपत्र रद्द होत नाही हे मी वकील रिजवान शेख यांना विचारून घेतले आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी.

१. लातूरचे दोन मजली घर मी माझ्या पगारातून बांधले. वडिलोपार्जित जे होते ते त्र्याण्णवच्या भूकंपात औसा तालुक्यातल्या आमच्या गावी मातीत गेले. माझा भाऊ वैजनाथ गेला, त्याची मुलगी सिंधु गेली. भावजय तारामती तेवढी वाचली. आधी पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, मग माझ्याकडे आली. या घरात तिने तिच्या मरणापर्यंत राहावे. तिला वरच्या मजल्यावर कोणी हलवू नये. तिचे गुडघे दुखतात. तिच्यानंतर घराचे काय करायचे ते पुढे लिहिते. चंद्रप्पा हे वाचत असतील तर त्यांनी घाईने शेवटचे पान उलटू नये.

चंद्रप्पा म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरी. आठवडाभर मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे क्लास चालवतात, रविवारी देऊळ चालवतात. माझ्या वरच्या खोल्यांत मुखेड-किनवटकडच्या मुली भाड्याने राहतात, त्यांच्याच क्लासला जातात. एकीला मी विचारले, "अगं, नुसत्या नोट्स दिसतात. पाठ्यपुस्तक कुठंय?" ती म्हणाली, "आंटी, सर म्हणतात पुस्तक उघडायचंच नाही, डोक्यात गोंधळ होतो."

हे वाक्य मी आधी ऐकले होते. हैदराबादला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये होते तेव्हा बायबल सिस्टरांच्या कपाटात असे, आणि आम्हाला प्रश्नोत्तरांची पुस्तिका. पूर्ण ग्रंथ मागितला तर सिस्टर म्हणाल्या, "समजावणारं कोणी नसताना वाचशील तर डोकं फिरेल तुझं." मला वाटले, सगळ्या जगात आपल्यालाच वगळले. पुढे वाचत गेले तेव्हा कळले की हजार-बाराशे वर्षे जवळपास सगळ्यांनाच वगळले होते.

२. आमचे पाळक दरवर्षी भाषणात सांगतात की रोमच्या पोपच्या लोकांनी बायबल साखळीने बांधून जनतेपासून लपवले. ते अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे सांगणाऱ्याला मी काही ठेवत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. छापखाना नव्हता तेव्हा एक बायबल म्हणजे कळपभर जनावरांच्या कातड्याची पाने आणि लिहिणाऱ्याच्या आयुष्यातला मोठा तुकडा. शेतकऱ्याला ते घेता येत नव्हते, मिळाले तरी वाचता येत नव्हते, आणि वाचता आले तरी ते लॅटिनमध्ये. आपल्या बोलीत उतरवायला गेले तर काही देशांत बिशपांनी मनाई केली, काही माणसांना त्यापायी जाळले. भीती एकच: वाचणारा विचारू लागतो. मराठीत छापील शास्त्र यायला तर एकोणिसावे शतक उजाडावे लागले. पण साखळी? महागडे पुस्तक चोरीला जाऊ नये म्हणून देवळात साखळीने बांधत, आणि अक्षर येणाऱ्याने उभे राहून वाचावे म्हणून उघडे ठेवत. साखळीतल्या पुस्तकाचे पान उलटता येत होते, चंद्रप्पा. तुमच्या काचेतल्या पुस्तकाचे येत नाही.

३. आता तो काचेतला ग्रंथ. माझे वडील अमृतराव गावातले उपदेशक. त्यांची व्यासपीठावरची मोठ्या टायपाची प्रत, जुन्या भाषांतराची. त्यांनी मला शिकायला हैदराबादपर्यंत धाडले आणि सुनेला 'ग' शिकवला नाही. तिने ओट्याखाली बसून ऐकायचे. स्वर्गात भेट झाली तर याचा जाब विचारणार आहे. भूकंपानंतर ती प्रत तारामतीने तुळईखालून स्वतः उकरून काढली. सुट्टी घेऊन गेले तेव्हा मला म्हणाली, "आता वाचून दावणारं कुणी ऱ्हायलं न्हाई, वन्सं. मलाच शिकवा." मी शिकवले. उत्पत्तीपासून सुरुवात केली. काम आवरल्यावर बोट ठेवून चार ओळी, कधी सहा. वर्षाला साधारण एक पुस्तक. असे करत ईयोबापर्यंत आली. ज्या माणसाची पोरंबाळं घर कोसळून मेली, आणि जो देवाला 'का' म्हणून विचारत बसला, तो ईयोब. ती पोचली होती त्या पानापर्यंत देवाने अजून उत्तर दिलेले नव्हते.

तेव्हा भूकंपाला वीस वर्षे झाली. स्मरणार्थ उपासनेत लोकांना बघायला म्हणून मी ग्रंथ मंडळीला दिला. बघायला, दान नव्हे. कमिटीने काचेची पेटी केली, आत दिवा लावला, कुलूप घातले, पितळी पाटीवर 'भूकंपातून वाचलेले शास्त्र' असे कोरले. पान उघडे ठेवले ते पृथ्वी हलली तरी भिऊ नये असे सांगणाऱ्या स्तोत्राचे. लोक काचेला कपाळ लावू लागले. परत मागितला तर चंद्रप्पा म्हणाले, "बाई, हा आता सगळ्या मंडळीचा ठेवा. हात लागून खराब होईल." तारामती म्हणाली, "पत्र्याखाली पावसाळे काढले तवा माझाच हात लागत होता की."

नवी प्रत आणून दिली. तिने चाळली आणि मिटली. "बोली येगळी हाय हिची. माझ्या वळी हितं सापडत न्हाईत." पाळक म्हणाले, "ताराबाई, ईयोबाचं शेवटी काय झालं ते मी सांगतो ना." ती म्हणाली, "नका सांगू. मी वाचतेय की." दर रविवारी काचेपुढे उभी राहायची. तिची वाचनातली जागा उघड्या पानाच्या थोडीशीच मागे होती, बोटभर जाडीची पाने. मधुमेहाने तिच्या डोळ्यांचा पडदा चालला आहे. डॉक्टर म्हणतात, वाचायचे ते लवकर वाचून घ्या.

४. म्हणून मी या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात तो ग्रंथ तारामतीला लिहून दिला होता. रिजवान वकिलांनी चष्म्यावरून बघितले. "बाई, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर बोलायला लागतं. ताराबाईंनी पुस्तकासाठी तुमच्या मरणाची वाट बघायची का?" मला फार राग आला, कारण त्यांचे बरोबर होते. मी तारामतीला घेऊन कमिटीपुढे गेले आणि भांडले. शेवटी त्यांनी मोठ्या मनाने ठराव केला: दर रविवारी उपासनेनंतर सेक्रेटरींनी कुलूप काढून ताराबाईंसाठी एक पान उलटावे. मी बाहेर पडायला उठले. तारामती म्हणाली, "बसा वन्सं. चंद्रप्पा, मागं उलटा. ईयोबाकडं."

तसे काही महिने चालले. ती काचेवर नाक टेकून मोठ्याने वाचायची, मागे चार बाया थांबू लागल्या, मग दहा-बारा. पण पुढे ती एका ओळीवर दोनदा अडखळू लागली. मी बघत होते.

परवाच्या रविवारी चंद्रप्पांनी कुलूप काढले. तारामतीने दोन्ही हात आत घातले, ग्रंथ उचलला, पदराखाली धरला आणि दाराबाहेर उभ्या ऑटोत जाऊन बसली.

"ताराबाई! चोरी आहे ही!"

"हाव. पोलिसात द्या. सही मी करते, अंगठा न्हाई."

मागच्या बाया हसल्या. चंद्रप्पा कुलूप हातात घेऊन दारापर्यंत आले, आणि मी ऑटोवाल्याला चल म्हटले.

तेव्हा तो ग्रंथ आता माझ्या मालमत्तेत नाही. मी तो तारामतीला हयातीतच दिला आहे. बक्षीस आहे, चोरी नाही, हे वकिलांसमोर सांगितले आहे. पेटी मंडळीचीच आहे. तीत त्यांनी किल्ली ठेवावी आणि दिवा लावावा.

५. तारामतीच्या पश्चात घराचा तळमजला बायकांना अक्षर शिकण्यासाठी वाचनाची खोली व्हावा. कोणत्याही धर्माची बाई चालेल. पुस्तके उघडी असावीत, कपाटांना कुलपे नसावीत. वरच्या खोल्यांच्या भाड्यातून खर्च भागवावा. घर कोणत्याही क्लासला देऊ नये, स्वस्तात मागितले तरी आणि महागात मागितले तरी. बँकेतली ठेव तारामतीच्या डोळ्यांच्या उपचारासाठी. उरेल ती वाचनाच्या खोलीला. लोखंडी कपाट शेजारीण मनतशाच्या सुनेला, तिच्या साड्या खाटेखाली असतात.

६. हे कलम मसुद्यात नव्हते. आज सकाळी तारामतीने ईयोब संपवला. शेवटी देव त्याला गुरे-मेंढरे दुप्पट देतो, नवी सात मुले आणि तीन मुली देतो. मला वाटले, आता ती देवाचे आभार मानेल. ती म्हणाली, "भाषणात तर सांगतात, समदं परत मिळालं. परत कुठं मिळालं? ही नवी पोरं हायत. नव्या लेकींची नावं लिव्हलीत बगा, तिघींची. मेलेल्यांपैकी एकीचं बी न्हाई."

कॉन्व्हेंटमध्ये शिकून, आयुष्यभर वाचून, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. तिने पेन्सिल मागितली आणि जिथे मुलींची नावे आहेत त्या ओळीशेजारी समासात, बोट ठेवून, 'सिंधु' असे लिहिले.

त्या समासातला मजकूर माझ्या पश्चात कोणीही, दुरुस्ती म्हणून, स्वच्छता म्हणून किंवा श्रद्धा म्हणून, खोडू नये.

वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले, आणि त्यातला एक शब्दही मागे घ्यावासा वाटला नाही.

स्थळ: लातूर
दिनांक: १३ ऑक्टोबर २०१५

(सही) उज्वला अमृतराव सोनकांबळे

आमच्यासमोर बाईंनी सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. (सही) रिजवान जिलानी शेख, वकील, लातूर
२. (सही) डॉ. अण्णाराव चंदनशिवे, नेत्रतज्ज्ञ, लातूर