आमच्या कुत्र्याचे दहा दिवस

बाबा, आमचा कुत्रा चावला. घरच्याच माणसाला चावला, आणि आज त्याला बांधून दहा दिवस पूर्ण झाले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी त्या सकाळी माझ्या तोंडात पहिली हाक तुमचीच आली. मी सदुसष्ट वर्षांची, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई, आयुष्यभर दुसऱ्यांना काय करायचं ते सांगत आले. आणि अंगणात कुत्रं चावल्याबरोबर मला जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा, ड्रेसर असलेला माझा बाप हवासा वाटला.

चावला तो मावशीला. राहुरीजवळ या देवळालीला घर बांधलं तेव्हापासून ती आमच्याकडे धुण्याभांड्याला येते. वयाने माझ्याहून लहान आहे, पण मी तिला मावशी म्हणते, ती मला बाई म्हणते. कुत्रा तिच्याही अंगाखांद्यावर वाढलेला. तेरा वर्षांपूर्वी ह्यांनी त्याला पिशवीत घालून आणलं, आणि हे गेल्यावर या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारा तो एकटाच उरला. आता त्याच्या डाव्या डोळ्यात पांढरं आलंय, कान सारखा वाहतो. मावशी डाव्या बाजूने वाकून त्याची थाळी उचलायला गेली आणि त्याने तिचा तळहात दातांत धरला. लगेच सोडला. मग मान खाली घालून उभा राहिला. मावशी "चुना द्या, चुना द्या" म्हणत स्वयंपाकघराकडे धावली. मी तिला दंडाला धरून नळाखाली बसवलं.

तुम्हाला आठवतं का, आपल्या क्वार्टरच्या हापशावर पोटरीला कुत्रं चावलेला एक माणूस आला होता आणि त्याच्या घरच्यांनी जखमेत मिरचीपूड भरली होती? मी नऊ वर्षांची असेन. तुम्ही मला हापसा मारायला लावलंत. पाण्याबरोबर लाल ओघळ वाहतोय, तो माणूस ओरडतोय, आणि मला रडू फुटतं. तुम्ही वर न बघता म्हणता, "रडायचं नंतर. आधी साबण." तेवढं एकच वाक्य, पण मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं होतं. त्या सकाळी तेच वाक्य माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं. मावशी रडता रडता हसली. "बाई, तुमी शाळेत पन आसंच वरडत हुता का?" मी म्हटलं, याहून मोठ्याने. पंधरा मिनिटं मी तिचा हात साबणाने धूत होते. मग रिक्षा बोलावून राहुरीच्या दवाखान्यात नेलं आणि पहिलं इंजेक्शन दिलं.

कुत्र्याला मी मागच्या पडवीत साखळीने बांधलं. दहा दिवस बांधायचा, रोज सकाळी तीन गोष्टी बघायच्या, पाणी गिळतो का, भाकरी खातो का, हाकेला मान वळवतो का, आणि दहा दिवस होईपर्यंत कुणाचंही ऐकून काहीही ठरवायचं नाही. ही तुमची रीत. त्याला लस दिलेली आहे, तरी मी ती मोडली नाही. पण ऐकवणारे ऐकवतातच. पुण्याहून लेकीचा फोन आला. तिचं म्हणणं, कुणाच्या तरी वस्तीवर दे, मळ्यात मोकळा राहील. तिला वाटतं अजून तिच्या लहानपणचेच मळे आहेत. इथे उसात बिबट्या फिरतो, बाबा. वस्तीवरचं कुत्रं तो सगळ्यात आधी उचलतो. लोक कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालतात, तरी नेतो. एका डोळ्याने आंधळा कुत्रा तिथे चार दिवस टिकणार नाही, आणि मी मात्र सांगत फिरणार की चांगल्या ठिकाणी दिला. मी तिला सरळ सांगितलं की मारायचाच असेल तर मी समोर बसून मारीन, बिबट्याकडून करून घेणार नाही. ती म्हणाली, "आई, तू फार कडक बोलतेस." बोलते. तुमच्याकडूनच आलंय ते.

चौथ्या दिवशी मावशी आली. हाताला पट्टी, कामाला नव्हे, नुसती भेटायला. बरोबर तिची सून होती. मी मावशीला विचारलं, तूच सांग, काय करू याचं. विचारताना मला वाटलं मी फार न्यायाने वागतेय. मावशी म्हणाली, "असू द्या बाई. मुकं जनावर हाय. त्येला काय कळतंय." सून उंबऱ्यात उभी होती, तिथूनच बोलली. "आत्याबाई, घरी तर म्हनत हुता, त्येच्याम्होरं जायाचं भ्या वाटतं. हितं आल्यावर मुकं जनावर व्हय?" मावशीने तिच्याकडे असं बघितलं की पोरगी बाहेर जाऊन उभी राहिली. मला माझीच लाज वाटली. जिला उद्या माझ्याच घरी यायचंय तिला मी विचारत होते, आणि तिने दुसरं काय सांगायचं होतं? तिची क्षमा घेऊन मी मोकळी होऊ बघत होते.

त्या दिवसापासून मला आपली काळी कुत्री आठवतेय. ती दवाखान्यातल्या शिपायाला चावली होती. तुम्ही तिला लिंबाखाली बांधलंत, रोज सकाळी तिच्यापुढे उकिडवे बसून ती पाणी पिते का बघितलंत. दहा दिवसांत तिला काही झालं नाही. मी शाळेत सगळ्यांना सांगून आले की आमची कुत्री वाचली. अकराव्या दिवशी तुम्ही तिला सायकलवरून घेऊन गेलात आणि संध्याकाळी एकटेच परत आलात. जामखेडकडच्या एका धनगराला दिली म्हणालात, तिकडे मोकळं रान आहे. मी किती वर्षं ते रान डोळ्यांपुढे आणत होते. नगरला कॉलेजात असताना तुमचे जुने डॉक्टरसाहेब स्टँडवर भेटले. बोलता बोलता सहज म्हणाले की त्या कुत्रीला तुझ्या वडिलांनी स्वतः शेवटची सुई दिली, मला हातसुद्धा लावू दिला नाही. मी त्याच दिवशी तुम्हाला पोस्टकार्ड टाकलं. "तुम्ही खोटं बोललात, बाबा." खाली सही. पाकीट नाही, पोस्टकार्ड, म्हणजे पोस्टमनपासून सगळ्या क्वार्टरने वाचावं. त्या वर्षी नाताळला मी घरी आले नाही. जानेवारीत तुम्ही नाताळच्या करंज्यांचा डबा घेऊन होस्टेलवर आलात, पाहुण्यांच्या खोलीत टोपी मांडीवर ठेवून वीस मिनिटं बसलात, प्रॅक्टिकल कशी चाललीत विचारलंत. पोस्टकार्डाचं नाव काढलं नाहीत. मीही नाही. पुढेही कधीच नाही.

आता माझं ऐका. मावशी ही पहिली नव्हे. फेब्रुवारीत त्याच्या कानात औषध घालत होते तेव्हा त्याने माझं मनगट धरलं होतं, चांगले दोन दात रुतले होते. मी सगळ्यांना विळी लागली म्हणून सांगितलं. मावशीनेच मला आठवडाभर भाजी चिरून दिली. राहुरीच्या दवाखान्यातली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेलेली, म्हणून मी इंजेक्शनं घ्यायला एसटीने श्रीरामपूरला जात होते. त्याला कुणी काढून टाक म्हणू नये, एवढंच. विज्ञान शिकवलेली बाई, जाळीचं दार बसवलं नाही, थाळी कुणी उचलायची नाही म्हणून सांगितलं नाही, विळीचं नाव घेऊन बसले. मग ती शेवटची सुई त्याला कशाला? डोळा त्याचा गेलाय, अक्कल माझी गेली होती.

काल पडवीला जाळी बसवून घेतली. दाराची कडी माझ्या हाताने लागेल, थाळी मी ठेवीन आणि मीच उचलीन. आज सकाळी तो पाणी प्याला, भाकरी खाल्ली, हाकेला मान वळवली. मग मी मावशीच्या घरी गेले आणि तिला फेब्रुवारीचं सगळं सांगितलं. कुत्रा माझ्याकडेच राहणार, आणि तू आली नाहीस तरी मला राग नाही, हेही सांगितलं. तिने पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग म्हणाली, "बाई, आधी सांगितलं असतं तर म्या लांबूनच थाळी सरकावली असती की." आवाज चढवला नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सुनेने चहा आणला, तो मी उभ्यानेच प्यायले. मावशी सोमवारपासून येते म्हणाली. येईलही. पण आता पाटावर बसून पूर्वीसारखी माझी टिंगल करील की नाही, सांगता येत नाही.

तिथून घरी येताना, बाबा, रस्त्यातच मी थांबले. काळी कुत्री शिपायाला चावली त्याच्या आधी काही दिवस तुमच्या उजव्या मनगटाला पट्टी होती. गाईचं शिंग लागलं म्हणाला होतात. ड्रेसरच्या हाताला काही ना काही लागलेलंच असायचं, म्हणून आईनेही विचारलं नाही. मी तुम्हाला तेव्हा घास भरवला होता, मला अजून दिसतोय तो वरणभात. शिंगच असेल, माझ्या विळीसारखं नसेल. इतक्या वर्षांनी कोण सांगणार? तुम्ही समोर असता तर मी तुमची बाही वर करून बघितली असती आणि तुमच्याशेजारी बसून राहिले असते.

हे कुठे पाठवायचं नाही, मला ठाऊक आहे. शिंग असेल तर तुम्ही माझ्याहून बरे. पण ते शिंग नसावं, असं मला वाटतंय.