नमुना घेणाऱ्याचे नाव

३ नोव्हेंबर २००१, वसमत
पोचलो एकदाचे! एसटीने हाडं खिळखिळी केली, पण माझी लेक सपना वाटभर हळदीची शेतं बघून गाणी म्हणत होती. दिवंगत संतराम सरांचे कागद लावून कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यायचे, एवढंच माझं काम. सर सिव्हिल इंजिनियरिंग शिकवायचे आणि सुट्टीत जिल्हाभरच्या विहिरींचं पाणी तपासायचे. घरात आता त्यांच्या पत्नी, चतुराबाई मावशी, एकट्याच. परसात आड आहे, पण त्यावर पत्र्याचं झाकण. मावशी मायाळू, फक्त हाकेला ओ देत नाहीत. उठून येतात, माझं तोंड बघतात, मग म्हणतात, काय गं बाई? म्हातारपणाचे चोचले, दुसरं काय!

५ नोव्हेंबर
सरांचं अक्षर मोत्यासारखं, कपाटं मात्र उंदरांनी लावलेली. एका कपाटात पाण्याच्या नमुन्यांच्या सीलबंद बाटल्या आहेत. प्रत्येकीवर चिठ्ठी: गाव, तारीख, नमुना घेणाऱ्याचे नाव. डोंगरकड्याकडच्या एका ओसाड वस्तीच्या बाटल्यांवर आधी वसराम हे नाव, नंतर ती जागा कोरी. अहवाल म्हणतो, पाणी पिण्यास योग्य. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, वसराम सरांचा मदतनीस व्हता, अन् त्या बाटल्यांना हात लावायचा न्हाई.

७ नोव्हेंबर
मावशी आखाडा बाळापूरच्या बाजाराला गेल्या होत्या. इकडे त्या ओसाड वस्तीच्या एका बाटलीचं बूच गळत होतं. पाणी वाया कसं घालवायचं? नव्या बाटलीत ओतलं, नवी चिठ्ठी डकवली. नाव कुणाचं? ओतलं मी, म्हणून लिहिलं: दीक्षा. कोरा रकाना मला बघवतच नाही.

८ नोव्हेंबर
सपना दोनदा पळत आली. आई, काहून बोलावलं? मी बोलावलंच नव्हतं.
तिसऱ्यांदा मीही ऐकलं. कपाटातून. माझाच आवाज.
मावशींना सांगितलं तर त्यांनी कपाटाला कडी घातली आणि मग सगळं सांगितलं. त्या वस्तीत विहिरीवर कुणी नाव घेत नसे. बाया टाळी वाजवून एकमेकींना बोलवायच्या. नाव कळलं की ते पाणी त्या माणसाचा आवाज घेतं. सर या समजुतीला हसले, वसरामने काठावर बसून चिठ्ठ्यांवर आपलं नाव लिहिलं. मग त्याच्या आवाजात त्याच्या पोराला हाक आली. पोरगं विहिरीत सापडलं. तेव्हापासून मावशी तोंड बघितल्याशिवाय कुणालाच ओ देत नाहीत.
मला फार भीती वाटते आहे.

९ नोव्हेंबर
चिठ्ठी जाळली. हाका थांबल्या नाहीत. उद्याच्या गाडीने निघतो. सपनाला तिथेच कपाटाजवळ बसवून शिकवलं: मी टाळी वाजवीन, आणि माझं तोंड दिसेल तेव्हाच यायचं. ती रडवेली झाली. म्हणाली, पण आवाज तर तुझाच असतो ना!

१० नोव्हेंबर
सामान बांधलं. मावशी ऑटो आणायला गेल्या. सपना अंगणात. मी तोंडातून शब्द काढत नाही, नुसती लिहीत बसले आहे—

माझ्या नावाची ती बाटली रिकामी आहे. बूच तसंच. ओल फरशीवरून परसाकडे—

आडाचं झाकण सरकलंय.

टाळी वाजली. मी नाही वाजवली. आणि सपना पळत पळत हसून म्हणते आहे, दिसलं गं आई, तुझं तोंड दिस—