बाबांच्या स्वेटरचं माप

आई, विणकामाच्या क्लासला आज लवकरच निघाले, घरात पाय ठरत नव्हता. बाबांचा अर्धा झालेला स्वेटर मी सकाळी उसवलाय. खुर्चीवर लोकरीचे गुंडे दिसले तर ओरडू नकोस. मी त्यांच्या जुन्या स्वेटरवरून माप घेतलं होतं. काल दुपारी ते झोपले असताना छातीला टेप लावून पाहिली, तर चार इंच कमी भरली. क्लासच्या बाई म्हणतात, हल्ली माझे टाके फार आवळून पडतात. त्यांना काय सांगू?

ही लोकर बाबांना बोचते, म्हणून येताना मऊ आणते. रंग तोच, विटकरी. नऊचं औषध विसरू नकोस. बाबांनी विचारलं तर सांग, पोरीला अजून धड माप घेता येत नाही. आणि तूही तेच धरून चाल.