न बुडणारं घड्याळ आणि बुडालेले तास

ती. मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (सध्या मी वाकलेलाच असतो, त्यामुळे नमस्काराचे वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा घसा बसला होता तो उठला का, की तोच बरा म्हणून तुम्ही औषध आणायचं लांबवताय? (हा विनोद बाबांचा आहे. माझे विनोद संपले.) इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते. आई ठीक आहे, बाबा ठीक आहेत, भावोजींचं झेरॉक्सचं दुकान ठीक चाललंय आणि त्या दुकानात मशीनचं झाकण उघडून मिटून माझा उजवा हातही ठीक आहे. बाकीच्या माझ्याबद्दल मात्र ठीक हा शब्द वापरायला जीभ धजत नाही.

तुमचं पत्र पोचलं. बारक्या पास झाला, वाचून आनंद झाला. (खरोखर झाला. घरात कुणीतरी व्हायलाच हवं होतं.) पण कॉलेजात पाऊल टाकण्याआधी मनगटावर खोल समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यांचं भारी घड्याळ हवं म्हणून त्याने अन्न सोडलंय आणि मामी झाकून ठेवतात ते ताट तो सगळे झोपले की उघडतो, हे वाचून तो माझाच मामेभाऊ असल्याची खूण पटली. तुम्ही विचारलंत, घेऊ द्यावं की नाही ते उलट टपाली कळव, आपल्या घरात या विषयातला अनुभवी तू एकटाच. मामा, 'अनुभवी' हा शब्द तुम्ही कौतुकाने लिहिलात की टोमणा म्हणून, याचा विचार करता करता माझं डोकं फिरलं आणि मी तुमचं पत्र फाडलं. मग ते चिकटवून पुन्हा वाचलं. उत्तर एका शब्दात देतो. नको. पण एका शब्दाने बारक्याचं समाधान होणार नाही, माझंही झालं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितो.

बारक्या तुम्हाला सांगत असेल की हा खर्च नाही, ही गुंतवणूक आहे. मीही हेच सांगितलं होतं. बाबांनी स्कूटर विकली आणि मला दुकानात नेलं. दुकानदाराने पांढरे हातमोजे घालून घड्याळ बाहेर काढलं (बारशाच्या बाळालासुद्धा कुणी इतकं जपून घेत नाही) आणि म्हणाला, साहेब, तीनशे मीटर खोल पाण्यात गेलं तरी याला काही होणार नाही. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवून एवढंच विचारलं, "आणि ह्याला?" दुकानदार हसला आणि म्हणाला, हमी फक्त घड्याळाची असते. मी मात्र तेव्हा आरशात मनगट बघत होतो. तेव्हापासून बाबा बसने कचेरीत जातात. बसला उशीर झाला की ते स्टॉपवर कुणाला किती वाजले विचारत नाहीत. घरी येऊन नुसते माझ्याकडे बघतात. गुंतवणुकीचं व्याज ते हेच असावं.

आता वस्तूबद्दल. हे घड्याळ म्हणजे वरणाची वाटी पोलादी पट्ट्याने हाताला बांधावी तसं दिसतं. शर्टाच्या बाहीत मावत नाही. मी शिंप्याकडे जाऊन सगळ्या शर्टांच्या फक्त डाव्या बाह्या सैल करून घेतल्या. शिंप्याने आईला बाजूला घेऊन विचारलं, हाताला काही झालंय का पोराच्या? (आईने 'हाताला नाही' असं उत्तर दिलं. त्याचा अर्थ मला पुढे बऱ्याच काळाने लागला.) तबकडीभोवती एक फिरती कडी असते, ती एकाच बाजूला फिरते. पाण्यात उतरताना ती लावून ठेवायची म्हणजे नळकांड्यातली हवा कधी संपणार ते कळतं. मी ती वर्गात लावत असे. सर फळ्याकडे वळले की लावायची आणि आपली हवा किती उरली ते बघत बसायचं. माझी हवा नेहमी सरांच्या आधी संपे. मी मागच्या दाराने बाहेर पडे. मामा, तीनशे मीटरपर्यंत न बुडणाऱ्या त्या घड्याळाने पहिल्या सहामाहीतच माझे निम्मे तास बुडवले. पुढच्या सहामाहीत उरलेले बुडाले, पण त्याचं कारण वेगळं आहे. (इथून पुढचा मजकूर मामींना मोठ्याने वाचून दाखवू नये. मनातल्या मनात वाचावा आणि चेहरा नेहमीसारखा ठेवावा.)

कॉलेजात मला पहिल्याच आठवड्यात पाणबुड्या हे नाव पडलं. माझं काही बिघडलं नाही, उलट छाती फुगली. मी पोहतो का असं कुणी विचारलं नाही, म्हणून येत नाही असं मीही सांगितलं नाही. यात खोटं काय बोललो, तुम्हीच सांगा. कॉलेजच्या मागे तलाव होता, पोहण्याचा, निळ्या फरशांचा. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं होतं. एका सकाळी मी तिथून वर्ग चुकवून जात असताना पाण्यातून एक डोकं वर आलं, टोपी घातलेलं, चष्मा कपाळावर सरकवलेलं. ती म्हणाली, "ओ घड्याळवाले, किती वाजले?" मी सांगितलं. ती पुन्हा पाण्याखाली गेली. मामा, ती वर आली होती ती पोहायला किती वेळ लागला हे बघायला, आणि पाण्याखाली गेली ती मला घेऊन. त्या दिवसापासून मी रोज सकाळी काठावर उभा. ती या टोकाहून त्या टोकाला जाऊन परत येई, भिंतीला हात लावी, मी वेळ सांगे, ती 'च्' करी किंवा 'हं' म्हणे. 'हं' म्हटलं की माझा दिवस चांगला जाई. यापलीकडे आमच्यात संभाषण नव्हतं, पण दोन माणसांत रोज इतकं नेमकं बोलणं तुमच्या-मामींच्यातही होत नसेल. (रागावू नका. खरं आहे.) ओठावर आलेलं मी रोज गिळत होतो, म्हणत होतो, तिची पोहण्याच्या संघाची निवड चाचणी होऊ दे, मग बोलू.

बारक्याचा दुसरा मुद्दा असेल की माणसाची ओळख मनगटावरून होते. होते, मामा, तंतोतंत होते. एका सकाळी तिने काठावर ठेवलेली कपाटाची किल्ली घसरून खोल बाजूला पडली. ती स्वतः तेव्हा दुसऱ्या टोकाला होती. तिने ओरडून सांगितलं, अहो, तुम्ही पाणबुडे ना, काढा की तेवढी! त्या क्षणी 'मला येत नाही' असे तीन शब्द म्हणायचे होते. तीनच. पण आपल्या घराण्यात डोकं आधी तापतं आणि मग चालतं. मी बूट काढले (ते मला आठवलं, हे विशेष) आणि उडी मारली. पुढचं नीटसं आठवत नाही. पाण्यातली पानं काढायची लांब जाळीची काठी असते, तिने तलावावरच्या जीवरक्षकाने मला बाहेर ओढलं. पानांबरोबरच काढलं. मी फरशीवर पालथा, नाकातोंडातून पाणी, आणि ती किल्ली काढून केव्हाच वर आलेली. तिने माझं मनगट हातात घेतलं. मामा, मला वाटलं नाडी बघतेय. ती जीवरक्षकाला म्हणाली, "चालू आहे अजून!" मी डोळे उघडले. ती घड्याळाबद्दल बोलत होती.

मग तिने विचारलं की पोहता येत नाही तर हे कशाला घातलंत. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. मामा, टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. खरा प्रश्न होता म्हणून डोकं फिरलं. मी पट्टा सोडला, घड्याळ खोल बाजूला भिरकावलं आणि ओल्या मोज्यांनी पच् पच् करत निघालो. रागाने चालत जाणाऱ्या माणसाच्या मोज्यांनी तरी आवाज करू नये, पण करतात. तसाच कार्यालयापाशी आलो तर कारकुनाने हजेरी कमी भरल्याचा कागद पुढे केला आणि 'पाण्यातच राहायचं होतं तर प्रवेश कशाला घेतला' म्हणून हसला. मी म्हटलं, ठेवा तुमचं कॉलेज! आणि फाटकाकडे चालू लागलो. कुणीतरी मागून हाक मारेल म्हणून फाटकात बराच वेळ थांबलो. शेवटी पहारेकऱ्याने हाक मारली. दुधाची गाडी आत यायची होती, मी मध्ये उभा होतो.

तेव्हापासून मी झेरॉक्सच्या दुकानात. जगभरच्या पोरांच्या वह्या माझ्या हाताखालून जातात, एक अक्षर माझ्यात राहत नाही. बारक्याचा शेवटचा मुद्दा की घड्याळ आयुष्यभर टिकतं. टिकत असेल. पण त्याच्याआधी आयुष्य टिकायला हवं ना. तेव्हा त्याला म्हणावं, एक साधं घड्याळ घे, पावसात बंद पडणारं. बंद पडलं की माणूस दुसऱ्याला वेळ विचारतो, आणि निदान दुसऱ्याने विचारलं म्हणजे प्रेम नसतं एवढं तरी त्याला कळतं.

मामींना नमस्कार, बारक्याला एक टप्पल.

तुमचा,
कुठल्याच कामाचा नसलेला भाचा

ता. क. बारक्याने आधीच पैसे भरून टाकले असतील तर निदान पोहायला शिकवा.

ता. क. २ मामा, वर जे लिहिलं ते लिहिलं, पण पत्र लिहायचं खरं कारण निराळं आहे आणि ते वर लिहायला धीर झाला नाही. त्या घड्याळाच्या मागच्या झाकणावर मी काही कोरून घेतलं होतं. निवड चाचणी झाली की ते तिला द्यायचं, असा बेत होता. मला 'माझा वेळ आता तुझा' असं हवं होतं. करंडकांवर नावं कोरणारा माणूस म्हणाला, चार शब्द मावणार नाहीत. मी म्हटलं, मग कापा काय कापायचं ते! त्याने 'माझा' कापला. आणि 'वेळ तुझा' हे त्याच्या कानाला बरं वाटेना, म्हणून त्याने पदरची सुधारणा केली. झाकणावर कोरलं गेलं: 'आता वेळ तुझी'. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला सगळं मधुर ऐकू येतं. तर परवा जीवरक्षकाचा फोन आला. घड्याळ तिलाच सापडलं, तळाशी, उपडं पडलेलं. स्वतः बुडून मरायला निघालेल्या (त्यांच्या मते) तापट पोराने रागाने पाण्यात टाकलेलं घड्याळ, आणि त्यावर 'आता वेळ तुझी'. ती तेव्हापासून दोन भावांना बरोबर घेऊन पोहायला येते. भाऊ पोहत नाहीत, काठावर दंड चोळत बसतात. तिच्या प्रशिक्षकांनी मला येत्या शनिवारी घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन यायला सांगितलंय. बाबांना हे सांगायची माझी छाती नाही. मामा, तुमचं आयुष्य शाळेत व्याकरण शिकवण्यात गेलं. तुम्ही या. वेळ 'तो' असला की माणूस तो दुसऱ्याला देतो, आणि 'ती' असली की ती माणसावर येते, एवढंच त्या दोन भावांना फळ्यावर लिहून दाखवा. फळा नसेल, पण भिंत आहे. गुडघा दुखत असला तरी या.

ता. क. ३ जीवरक्षक आणखी एक सांगत होता. तिने त्याला माझं नाव विचारलं. इतके दिवस रोज सकाळी मी काठावर उभा राहिलो, तिने एकदाही विचारलं नव्हतं. तक्रारीत लिहायला लागतं म्हणून विचारलं म्हणे. तरी विचारलं, मामा.