बांधाकडच्या झाडाचं पाणी

६ जाने.
संत्र्याच्या ताणाचा चाळिसावा दिवस. बागेचं पाणी बंद, पानं मलूल. झाडाला असं तहानलेलं ठेवलं की आंबिया बहार भरभरून फुटतो. शेंदूरजनाघाटला सून होऊन सहा वर्षं झाली, शाळेत विज्ञान शिकवते, तरी बघवत नाही. बांधाकडच्या एका झाडाला रोज दोन बादल्या घालते, सासऱ्यांच्या नकळत. प्यालेलं पान, तहानलेलं पान, दोन्हींच्या नोंदी वहीत. अकोल्याच्या शिक्षक संमेलनात वाचायची कविता यावरच. चार ओळी जमल्या:

पान मिटलं दुपारी,
उघडलं सांजेला;
कोणी शिकवलं घड्याळ
मुक्या झाडाला?

१३ जाने.
पानगळ वाढली. हे म्हणाले, "बाबा, पाणी सोडा आता, झाडं मरतीन." मामाजी ऐकेनात. "बांधाकडचं झाड हिरवंगार हाये. थे कोमेजलं की ताण पुरा. तीस वर्सं तेच पाहून राहिलो मी."
म्हणजे माझंच झाड! दोन बादल्यांवर ते कोमेजणार कसं?

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ दिला, पाया पडले, बोलले मात्र नाही. भित्री मेली.

१५ जाने.
सांगितलं. चहा देताना, एका दमात. मामाजींनी कप खाली ठेवला.
"कावून केलं, सूनबाई?"
"पाहायचं होतं... कवितेसाठी."
"अन् बहार गेला म्हंजे? कविता खाशीन?"
तरातरा गेले, मोटर सुरू केली. ताण तुटला, पण फार उशिरा? हे माझ्याशी बोलत नाहीत. चूक माझीच, तरी यांचा राग येतो.

२५ जाने.
अकोला. कविता वाचली, बादल्यांची कबुली जोडून. लोक हसले, टाळ्याही दिल्या. मला रडू येत होतं.

२८ जाने.
पाणी सोडून तेरा दिवस. मामाजी अंगणातून हलेनात. "तूच पाहून ये. मले नाई पाहवत. वही संगं ने."
भिंग घेऊन ओळीनं हिंडले. पानांच्या बगलेत हिरवे ठिपके, मोहरीएवढेही नाहीत. कळी असेल. नुसती पालवीही असेल, आणि पालवीच निघाली तर यंदा फळ नाही.
मामाजी फाटकाशी उभे.
"काय दिसलं?"
"फुटलंय. पण कळी का पालवी, आत्ताच सांगता येत नाही."
"खोटं नाई ना बोलून राहिली?"
"नाही."
मामाजींनी हात पुढे केला. "उद्या मीबी येतो. थे भिंग दे मले."