भिडेपोटी दोन टक्के

व्हिटबी, कॅनडा, गुरुवार, एकादशी

आज टपालाने आले: मराठी मंडळातल्या विजयभावजींचे कॅलेंडर, फुकट. शिवाय ते सांभाळतात त्या ह्यांच्या आरआरएसपीचा, म्हणजे इथल्या निवृत्तीच्या बचतखात्याचा, हिशेब; फी वर्षाला दोन टक्के.

म्हातारपणची पुंजी, वाढो न वाढो, फी जाणारच. स्वतः सांभाळायचे खाते दुसरीकडे कितीतरी स्वस्त. मी तीन ठिकाणी विचारून एक ठरवलेसुद्धा. पण हे सही करेनात.

"अगं, मंडळात तोंड दाखवायचंय. गणपतीचे मोदक दरवर्षी तेच देतात."

"आपल्याच पैशांचे."

हे हसले. फुकटचे कॅलेंडर! भीड भिकेची बहीण, दुसरे काय. शेवटी मीच चिठ्ठी लिहिली, तेव्हा ह्यांनी खाली सही केली:

"भावजी, खाते हलवतो आहोत, राग नसावा. यंदा मोदक मी करीन. खाते त्यांच्याकडे वळवण्याचा नव्या कंपनीचा कागद तुम्हाला पोचला की उलट टपाली कळवा."