दुसऱ्या रकान्यातली फुली

१५ जानेवारी १९७८, रविवार

तक्ता क्रमांक सतरा पुरा! एकसष्टची आणि एकाहत्तरची जनगणना शेजारी शेजारी. जिल्ह्याचे दोन्ही ग्रंथ विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आठ दिवसांच्या बोलीवर मिळालेत. शशिकला आकडे वाचत होती, मी उतरवत होतो. मध्येच म्हणाली, अहो, तक्त्याखाली बारीक अक्षरांत बरंच काहीबाही आहे, तेही वाचू का? म्हटलं, नको, आकडेच वाच.

दहा वर्षांत इचलकरंजीतल्या कामकरी बायका निम्म्याहून कमी झाल्या. यंत्रमाग वाढले, बायका घरी बसल्या — प्रबंधाचं चौथं प्रकरण या एका वाक्यावर उभं आहे. माझे मार्गदर्शक हेर्लेकर सर म्हणाले, हेच तुमचं खरं संशोधन. सर एकतीस मार्चला निवृत्त होतात. प्रबंध त्याआधी द्यायचा. सेहेचाळिसाव्या वर्षी पीएच. डी.! स्टाफरूममध्ये आत्तापासूनच ‘डॉक्टर, नाडी बघा’ सुरू झालंय.

२२ जानेवारी

सरांची सूचना: नुसतं इचलकरंजी नको, जगाशी तुलना करा. जपान, सिलोन, इजिप्त. जिनिव्हाहून निघणारं कामगारांच्या आकडेवारीचं वार्षिक इथे अपुरं आहे, मधले खंड नाहीत. पुण्याला जावं लागणार.

२ फेब्रुवारी, पुणे

ग्रंथपालांनी दुपारी दोनला कपाट उघडलं. पाचला बंद. देशांची नावं तीन भाषांत, आकडे मुंगीएवढे.

भारताची ओळ पाहिली. एकसष्ट ते एकाहत्तर — अख्ख्या देशातल्या कामकरी बायका तशाच घटलेल्या! निम्म्याच्या आसपास. आधी आनंद झाला, आपला निष्कर्ष देशाला लागू पडतो म्हणून. मग आकडा पुन्हा वाचला. अख्ख्या देशात कुठे यंत्रमाग आहेत? ओरिसातल्या शेतमजूर बाईला इचलकरंजीच्या मागानं कसं घरी बसवलं?

आकड्याच्या डोक्यावर चांदणी होती. खालची टीप शोधली. व्याख्या बदलल्यामुळे आधीच्या वर्षाशी तुलना करता येत नाही. एवढंच. दोन ओळी.

४ फेब्रुवारी

आल्या आल्या जिल्ह्याचा ग्रंथ पुन्हा आणला. टीप तिथेही होतीच. बारीक अक्षरांत. शशिकला ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणाली नाही. चहा ठेवून गेली. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

एकसष्टला दिवसातून तासभर नियमित काम केलं तरी बाई कामकरी धरायची. एकाहत्तरला आधी विचारायचं, मुख्य काम काय? ‘घरकाम’ म्हटलं की ती बिनकामाची. दुसरं काही करत असेल तर ते दुसऱ्या रकान्यात — दुय्यम काम. फूटपट्टी बदलली आणि मी म्हणतोय, माणसं बुटकी झाली.

१२ फेब्रुवारी, रविवार

इचलकरंजीला जाऊन आलो. हायस्कुलात माझ्याबरोबर शिकवणारा रुद्राप्पा आता तिथेच असतो. त्याला सगळं सांगितलं तर हसला. म्हणाला, ‘लेका, इथं ऱ्हातोस वीस मैलांवर आणि बायका बघाय जातोस पुण्याच्या कपाटात!’

त्याच्या मागच्या गल्लीत नेलं. दस्तगीर म्हणून माग चालवणारा आहे, त्याची बायको बिबीजान उंबऱ्यात बसून रहाटावर कांड्या भरत होती — मागाच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. शेजारी भरलेल्या कांड्यांची पाटी. मी विचारलं, तुम्ही काय काम करता?

‘काम न्हाय करत हो पावणं. काम आमचं मालक करत्यात, मागावर. मी आपली घरातच असते.’

हात थांबला नव्हता. रहाट फिरतच होता. मी म्हटलं, मग हे?

‘हे व्हय? हे आपलं कांड्या भरायचं.’

किती वेळ भरता? ती बोटं मोजू लागली. पलीकडच्या दारातून मल्लव्वा नावाची म्हातारी ओरडली, ‘कोंबडं आरवल्यापास्नं दिवा लागंपतूर भरती की! सांग की त्यास्नी!’ बिबीजान लाजली. चोरी उघडी पडल्यासारखी.

सव्वीस घरं फिरलो. बावीस घरांत कांड्या. बावीस बायकांनी आधी ‘न्हाय’ सांगितलं.

१६ फेब्रुवारी

झोप नीट नाही. पण मनाला एक प्रकारची शांतता आहे. चूक सापडली की बरं वाटतं का? का हाही अहंकारच?

२ मार्च

हेर्लेकर सरांकडे गेलो. सर रागावले नाहीत. प्रकरण टाकू नका, म्हणाले; टीप द्या, आणि दुय्यम कामाचा तक्ता जोडा. कांड्या भरणाऱ्या बायका मुख्य कामात नसतील तर दुय्यम कामात असतीलच. तिथेही नसतील तर तुमचं म्हणणं सिद्ध झालं, मुळात त्या नाहीतच. पेपरवेट फिरवत बोलत होते. तर्क बिनतोड!

तो तक्ता मी काढूनच नेला होता. दुय्यम कामातल्या बायका: नाममात्र. सर म्हणाले, झालं तर मग. द्या प्रबंध.

‘बरं’ म्हणून मी तक्त्याची घडी केली. खरं का सांगितलं नाही?

५ मार्च, रविवार

इथे तरी लिहितो.

तो रकाना रिकामा का आहे, ते मला ठाऊक आहे. मार्च एकाहत्तरमध्ये मी जनगणनेचा गणक होतो. हायस्कूलच्या सगळ्या मास्तरांना कामाला लावलं होतं. माझ्याकडे आमच्या शाहूपुरीतली साठ-पासष्ट घरं. एकेका माणसाची एकेक चिठ्ठी. दारात पुरुष भेटायचा. बायकोचं नाव, वय, शिक्षण तोच सांगायचा. काम? — ‘घरकाम.’ मी पहिल्या रकान्यात घरकाम लिहायचो आणि पुढच्या रकान्यात फुली मारायचो. प्रश्न न विचारता. आम्ही सगळेच मारायचो. परीक्षेचे पेपर तपासायचे पडले होते, एका दमात पाच-पाच चिठ्ठ्यांवर फुल्या. प्रशिक्षणात तसं कोणी शिकवलं नव्हतं. सूचना स्पष्ट होती: प्रत्येकाला विचारा.

साठ-पासष्ट घरांच्या फुल्या दिल्लीला गेल्या, तिथून जिनिव्हाला गेल्या. सात वर्षांनी पुण्याच्या कपाटात मीच त्या उतरवून घेतल्या — पुरावा म्हणून.

११ मार्च

सरांना फुल्यांचं सांगितलं.

‘सिद्ध कसं करणार? तुमच्या आठवणीनं?’

म्हटलं, नाही करता येणार.

‘सरकारचा छापील आकडा एका बाजूला, तुमच्या बावीस बायका दुसऱ्या बाजूला. परीक्षक कुणाचं ऐकतील?’ मग आवाज उतरवून म्हणाले, ‘अहो, मी गेल्यावर नवा मार्गदर्शक, नवी नोंदणी. दोन वर्षं जातील. तुम्ही पन्नाशीला येताय. एक प्रकरण हो, आठांतलं.’

माझ्या भल्याचंच बोलत होते. तेच जड जातंय.

१९ मार्च

चौथं प्रकरण चार वेळा वाचलं. भाषा चांगली जमलीय. म्हणूनच भीती वाटते. हे छापलं तर उद्या कोणीतरी ते उतरवून घेईल. टिपेशिवाय.

पण प्रामाणिकपणाची हौस म्हणून मी हे करतोय का? रुद्राप्पा म्हणेल, व्हय.

३० मार्च

सरांना सांगून आलो. प्रबंध देत नाही. ते म्हणाले, ‘मूर्ख आहात.’ मग फाटकापर्यंत सोडायला आले. आजवर कधी आले नव्हते.

शशिकलाला सांगितलं. तिनं फक्त विचारलं, म्हणजे पुन्हा आकडे वाचायचे? म्हटलं, या वेळी खालचं बारीकही.

२ एप्रिल, रविवार

नव्यानं सुरुवात आपल्याच गल्लीपासून. एकाहत्तर साली इथल्या बायका काय करत होत्या, ते आठवून लिहायचं ठरवलं. मला एकही आठवेना. शशिकला भाजी निवडता निवडता भराभर सांगत गेली: धोंडुबाई पापड लाटून द्यायची, चन्नम्मा गिरणीवाल्याच्या शेंगा फोडायची, तानाबाई दोन घरची धुणी.

‘आणि मी शिंप्याच्या दुकानाची काजं-बटणं करायची. रोज वीस शर्ट. तुमचं एम. ए. होईपर्यंत.’

आमचं घर माझ्याच साठ-पासष्ट घरांत होतं. विचारलं, तुझ्या चिठ्ठीवर मी काय लिहिलं होतं?

‘मला कुठं विचारलंत? शर्टांचा ढीग माझ्या कागदांवरून उचल, एवढंच म्हणाला होतात.’